बे चौतीस, रांग सहा, थर ब्याऐंशी

मी जहाज पाहिलेलं नाही.
सावद्यात, खताच्या दुकानावरच्या खोलीत,
कूलरला पाणी भरून रात्री दहाला बसते
आणि पडद्यावर ते उभं चिरून ठेवलेलं असतं,
गणिताच्या वहीच्या चौकटींसारखं.
प्रत्येक चौकोन एक पेटी: बे, रांग, थर.
डावीकडे सम आकडे, उजवीकडे विषम,
मधोमध शून्य-शून्य.

जड खाली. हलकं वर.
शेवटी उतरायचं ते आधी चढवायचं.
सलालाच्या पेटीवर जेद्दाची ठेवली
तर सलालात ती उचला, धक्क्यावर ठेवा, परत चढवा,
आणि त्या प्रत्येक उचलीचा मेल माझ्या नावाने.
ॲसिड आणि ब्लीच लांब-लांब,
पंगतीत अबोला धरलेले साडू बसवतात तसे.

हे सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकले.
कळलं मात्र सुभान तडवींकडून.
सुभानकाका बत्तीस वर्षं ट्रकमध्ये केळी लावतात.
आधी मोकळे लोंगर, खाली वाळकी पानं अंथरून,
आता तेरा किलोचे खोके.
"खोक्याले चार कोपरे असतात व पोरी," म्हणाले,
"वजन कोपऱ्यानं पेलाचं, पोटानं नाही.
अन् पंजा जाईल एवढी फट सोडाची.
केळी श्वास घेते. कोंडली का रागावते."
रागावते म्हणजे पिकते.

त्या रात्री माझ्या चौकोनांकडे पुन्हा पाहिलं.
खरंच की. सगळा भार कोपऱ्यांवर,
नऊ पेट्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या,
पोटाला कुणाचा धक्का नाही.

मे महिना. मध्यरात्रीही भिंतीला हात लावेना.
थंड पेट्या साठ, जहाजावर प्लग साठ.
हिशोब जुळला म्हणून मी चहा ओतला,
आणि साडेबाराला कप्तानाचा निरोप:
बे चौतीस, रांग सहा, थर ब्याऐंशी,
तिथला प्लग मेलाय.

म्हणजे एक राहणार.
औषधं नाहीत. कोळंबी नाही.
आंबे दोन दिवस आधी नोंदलेले.
यादीत सगळ्यात शेवटी:
केळी, साडेतेरा अंश, भरणा सावदा.

तासभर शोधलं. इकडची तिकडे केली,
तिकडची आणखी कुठे, परत तिथेच आले.
मग माऊसने पेटी उचलली.
हाताला वजन काहीच लागलं नाही.
पण खालचा आकडा सरकला,
एवढं मोठं जहाज
उजवीकडे केसभर कललं.
मी टाकीतलं पाणी डावीकडे घेतलं
आणि मोकळ्या जागी सोलापूरचे टॉवेल बसवले.
आकडा शून्यावर आला. मी नाही आले.

सकाळी वखारीपाशी सुभानकाका
चिकानं काळी पडलेली बोटं राखेनं घासत होते.
"परवाची बसली का व बोटीत? खिडकीची भेटली का?"

"राहिली काका. पुढच्या बोटीला. आठ दिवस."

त्यांनी बोटांवर काही मोजलं,
ओठ हलले, आवाज नाही.
"थांबन," म्हणाले.
"बारा आणे भरलेलीच कापली.
कधी गाडी चुकते, कधी घाट अडतो.
तेवढा हिसाब धरूनच कोयती टाकतो आपुन."

मी तिथेच उभी.
माझ्या साठ प्लगांच्या हिशोबात
कुणाच्या उशिराला जागा ठेवली नव्हती.

"नाव काय व त्या बोटीचं? जी गेली तिचं?"

फोन काढला. नाव पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.
मी आजवर फक्त फेरीचा नंबर वाचत आले होते.
मोठ्यानं वाचलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा वाचलं.
तोवर पुढचा ट्रक मागे घेत आत येत होता
आणि काका हात हलवत त्याच्यामागे,
"येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगाला,
येऊ दे, बस."